मिठाने चढणारं बीपी, हृदय-किडनी आणि ‘पेप्टाइड’ उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे. बीपीच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणारी माणसं काउंटरवर जे विचारतात आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जे पाठवतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अलीकडे त्यात ‘पेप्टाइड’ हा शब्द फार वाढलाय. कुणी रील पाहिलेली असते, कुणाच्या पुतण्याने जिममधून कुपी आणलेली असते, तर कुणाच्या डॉक्टरांनी खरोखरच एक नवी गोळी लिहून दिलेली असते. तिघांना उत्तर वेगवेगळं द्यावं लागतं. मी फार्मासिस्ट आहे; डोस ठरवणं आणि बदलणं तुमच्या डॉक्टरांचं काम. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. पेप्टाइड म्हणजे काय हो ताई? प्रोटीन पावडरच का ती?

नाही. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबच लांब माळा. पेप्टाइड ही त्याच मण्यांची आखूड माळ. इन्सुलिन ५१ मण्यांचं, हृदयातून सुटणारं एएनपी २८ मण्यांचं, आणि प्रश्न ५ मध्ये येणारं एक तर अवघ्या चार मण्यांचं. शरीरात ही पेप्टाइडं निरोप्याचं काम करतात. ‘सैल हो’ असं रक्तवाहिनीला सांगतात, ‘सोडियम सोड’ असं किडनीला सांगतात. प्रोटीन पावडर पोटात पचली की तिचे सुटे मणी होतात, निरोप काही उरत नाही.

बहुतेक पेप्टाइड औषधं इंजेक्शनने द्यावी लागतात ती याच कारणामुळे. पोट त्यांनाही वरणातल्या प्रथिनासारखंच पचवून टाकतं. मधुमेहाच्या सेमाग्लुटाइड या औषधाची गोळी हा अपवाद आहे. तिच्यात शोषणाला मदत करणारा पदार्थ घातलेला असतो, तरी गोळीतलं जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोचतं. म्हणून ती सकाळी उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास चहासुद्धा प्यायचा नाही.

२. घरात सगळे तेच जेवतात. मग मिठाने बीपी माझंच का वाढतं?

जास्तीचं मीठ किडनीने लघवीवाटे बाहेर टाकायचं असतं. ज्यांच्या किडन्या हे काम चटकन उरकतात त्यांचं बीपी फारसं हलत नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या अंगात सोडियम रेंगाळतं, सोडियमच्या मागे पाणी थांबतं, आणि ते सगळं बाहेर ढकलण्यासाठी शरीर रक्ताचा दाब वाढवतं. याला मिठाची संवेदनशीलता म्हणतात. बीपी असलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांत ती असते, बीपी नसलेल्यांतही साधारण चौघांत एकाला असते. वय, मधुमेह, वजन आणि आधीच दमलेली किडनी यांनी ती वाढत जाते. तिशीत पापड-लोणचं सहज पचवणाऱ्या माणसाला साठीत तेच नडतं ते म्हणून.

ही संवेदनशीलता दाखवणारी सोपी रक्ततपासणी लॅबमध्ये होत नाही. डॉक्टरांना सांगून दोन आठवडे मीठ निम्म्यावर आणा, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी बीपी मोजून वहीत लिहा. आकडे स्पष्ट उतरले तर तुम्ही त्या गटातले. डॉक्टरांना आधी सांगायचं ते एवढ्यासाठी की गोळ्या चालू असताना बीपी एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते.

३. बीपीमुळे किडनी जाते की किडनीमुळे बीपी वाढतं? आणि यात हृदय कुठून आलं?

दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकमेकांना खेचत नेतात. किडनीच्या गाळण्यांवर दाब पडून त्या झिजतात. झिजलेली किडनी मीठ बाहेर टाकू शकत नाही, त्याने दाब आणखी वाढतो. त्या दाबाविरुद्ध रक्त फेकताना हृदयाची डावी भिंत जाड होते, मग ताठर होते, आणि एक दिवस जिना चढताना धाप लागते.

यात एक गोष्ट लोकांना माहीत नसते. मीठ फक्त दाब वाढवून थांबत नाही. अमेरिकेत लुईस डाल यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांच्या दोन जाती निवडून वाढवल्या, एक मिठाने बीपी चढणारी आणि एक न चढणारी. त्या पहिल्या जातीवर आजही जगभर काम चालतं. त्यातून दिसलं की मिठाच्या माऱ्याने किडनीत आणि हृदयात दाहाच्या पेशी गोळा होतात आणि त्यांच्या मागे तंतू जमत जातात. जखम भरल्यावर कातडीवर जो कडक वण राहतो, तसाच वण आतमध्ये. गाळणी वणाची झाली की ती पुन्हा गाळणी होत नाही. पेप्टाइडांवर एवढं संशोधन चाललंय ते मुख्यतः हा वण थांबवण्यासाठी. बीपी उतरवणारी औषधं आपल्याकडे बरीच आहेत, वण थांबवणारी फार थोडी.

माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. त्यांचं बीपी दर तपासणीत मोजलं जायचं, कधी बरं यायचं, कधी वाढलेलं. नऊ वर्षांत एकदाही कुणी त्यांच्या लघवीतलं प्रथिन तपासायला सांगितलं नाही. पाय सुजले तेव्हा तपासलं, आणि पुढच्या वर्षी डायलिसिस सुरू झालं. मी तेव्हा बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणून प्रश्न १२ तेवढा तरी वाचल्याशिवाय हे पान बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

४. हृदय स्वतःच बीपी कमी करणारं पेप्टाइड बनवतं म्हणे. मग तेच इंजेक्शनने का देत नाहीत?

दिलं गेलं. त्याची हकिगत मुळापासून सांगते, कारण आजच्या गोळ्या तिथूनच आल्या आहेत.

१९८१ साली कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांची लघवी आणि लघवीतलं सोडियम भराभर वाढलं, बीपी उतरलं. हृदय नुसता पंप नाही, ती एक ग्रंथीही आहे हे तेव्हा कळलं. त्या अर्कातलं पेप्टाइड म्हणजे एएनपी. १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, ते बीएनपी. नावात मेंदू राहिला, पण माणसात ते मुख्यतः हृदयच बनवतं. रक्त वाढून हृदयाची भिंत ताणली गेली की ही दोन्ही सुटतात आणि रक्तवाहिन्या सैल करतात, किडनीकडून मीठ-पाणी बाहेर काढून घेतात, अंगात मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक दाबतात, वण जमण्यालाही आळा घालतात. मिठाने बीपी चढणाऱ्या माणसाला याहून नेमकं काय हवं असतं?

अडचण अशी की एएनपी रक्तात काही मिनिटंच टिकतं. नेप्रिलायसिन नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं. त्यामुळे ते शिरेतून सतत चालू ठेवावं लागतं. जपानमध्ये कार्पेरिटाइड या नावाने ते हृदय निकामी झालेल्यांना सलाइनमधून दिलं जातं. अमेरिकेने २००१ मध्ये बीएनपीची नक्कल असलेल्या नेसिरिटाइडला परवानगी दिली. मग २०११ मध्ये ७,१४१ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला. मृत्यू किंवा पुन्हा दाखल होणं कमी झालं नव्हतं, आणि बीपी नको इतकं पडणं मात्र वाढलं होतं. पुढे ते औषध बाजारातून गेलं. युरोडायलेटिन या किडनीतल्या भावंडाच्या नकलेनेही मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचे मृत्यू कमी केले नाहीत.

मग संशोधकांनी प्रश्न फिरवला. बाहेरून ओतण्यापेक्षा शरीराने बनवलेलं पेप्टाइड तोडणाऱ्या विकरालाच अडवलं तर? सॅक्युबिट्रिल हे औषध नेमकं तेच करतं. त्याला वल्सार्टन या बीपीच्या औषधाची जोड देऊन, २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात हृदय निकामी झालेल्या ८,३९९ रुग्णांत एनालाप्रिल या जुन्या गोळीशी तुलना केली. हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्यामुळे दाखल होणं, यात सुमारे २० टक्के घट दिसली. आपल्याकडे २०२३ मध्ये पेटंट संपलं आणि कितीतरी कंपन्यांनी ही गोळी आणली, किंमत खूप उतरली. जपानमध्ये २०२१ पासून ती नुसत्या बीपीसाठीही चालते. आपल्याकडे ती प्रामुख्याने हृदय निकामी झालेल्यांनाच लिहिली जाते. ‘मलाही तीच द्या’ असं काउंटरवर म्हणणाऱ्यांना मी चिठ्ठीशिवाय ती देत नाही.

५. चार अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड किडनीतला वण थांबवतं, असं वाचलं. नाशिकमध्ये कुठे मिळेल?

नाशिकमध्ये नाही, मुंबईतही नाही, कुठेच नाही. ते औषध म्हणून मंजूर झालेलं नाही. पण प्रश्न चांगला आहे, कारण त्यामागचं विज्ञान खरं आहे.

त्याचं नाव एसी-एसडीकेपी. थायमोसिन बीटा-४ या मोठ्या पेप्टाइडापासून ते आपल्या शरीरातच सुटतं. प्रश्न ३ मधल्या डालच्या उंदरांना भरपूर मीठ देऊन सोबत हे पेप्टाइड दिलं, तेव्हा किडनीतला दाह, तंतू आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी झालं, आणि बीपी मात्र होतं तिथेच राहिलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बीपीचा आकडा आणि अवयवाचं नुकसान या दोन वेगळ्या वाटा असू शकतात. आकडा सुधारला म्हणजे किडनी वाचली असं धरून चालता येत नाही.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. रक्तातलं एसीई नावाचं विकर या पेप्टाइडाचे तुकडे करतं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या गोळ्या त्याच विकराला अडवतात. त्या घेणाऱ्या माणसांच्या रक्तात एसी-एसडीकेपी चार-पाच पटींनी वाढलेलं आढळलं आहे. ज्याच्यासाठी तुम्ही इंटरनेट धुंडाळताय, ते वाढवणारी गोळी कदाचित आधीच तुमच्या डब्यात असेल, रोज एक. ती न चुकवता घ्या.

६. बीपीची गोळी सापाच्या विषापासून निघाली, हे खरं का?

खरं आहे, आणि तीही पेप्टाइडचीच गोष्ट. ब्राझीलमधल्या जराराका या विषारी सापाचा दंश झाला की माणसाचं बीपी कोसळतं. सर्जिओ फरेरा यांनी १९६५ मध्ये त्या विषातल्या या घटकाचं काम दाखवलं आणि पुढे त्यातली पेप्टाइडं वेगळी केली. त्यातल्या नऊ मण्यांच्या टेप्रोटाइडने माणसांत बीपी उतरलं, पण ते टोचावं लागायचं. मग त्याचा आकार अभ्यासून तोंडाने घेता येणारं छोटं रसायन बनवलं गेलं. तेच कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झालेलं. सगळ्या ‘प्रिल’ गोळ्या त्याच घराण्यातल्या. गोळीत विषही नाही आणि पेप्टाइडही नाही, तेव्हा श्रावणात ती घ्यायला हरकत नाही. हा प्रश्न खरोखर विचारला गेलाय, आणि ज्या आजींनी विचारला त्यांनी पंधरा दिवस गोळी बंद ठेवली होती.

७. ‘प्रिल’ने खोकला येतो म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. जुनी पट्टी उरली आहे, ती संपवून मग नवी सुरू करू का?

नवी गोळी कोणती यावर सगळं अवलंबून आहे. नावाच्या शेवटी ‘सार्टन’ असेल, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून नवी घ्या आणि जुनी पट्टी टाकून द्या. दोन्ही एकत्र घेऊ नका, पोटॅशियम वाढतं आणि किडनीला धक्का बसतो.

नवी गोळी सॅक्युबिट्रिलवाली असेल तर गोष्ट जिवावरची आहे. ‘प्रिल’चा शेवटचा डोस आणि सॅक्युबिट्रिलचा पहिला डोस यांत किमान ३६ तास जायला हवेत. कारण ब्रॅडिकायनिन नावाचं पेप्टाइड. एसीई आणि नेप्रिलायसिन ही दोन्ही विकरं त्याला तोडतात. एक अडवलं तर कोरडा खोकला येतो, दोन्ही अडवली तर ते इतकं साठू शकतं की ओठ, जीभ, घसा सुजून श्वास कोंडतो. ज्यांना ‘प्रिल’ने पूर्वी अशी सूज आली असेल त्यांनी सॅक्युबिट्रिल कधीच घ्यायचं नाही. हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका.

८. शेजारणीने वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन घेतलं, तिचं बीपीही उतरलं. मी बीपीसाठी घेऊ का?

ही सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं. ही खरीखुरी पेप्टाइड औषधं आहेत आणि मंजूरही आहेत. सेमाग्लुटाइडमध्ये ३१ मणी असतात, त्याला चरबीची एक शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीने ते रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतं, म्हणून आठवडाभर टिकतं. एएनपीला जे साधलं नाही ते इथे साधलं.

बीपी काही अंकांनी उतरतं. काही भाग वजन घटल्यामुळे, आणि किडनी थोडं जास्त सोडियम सोडते त्यामुळेही. पण नुसत्या बीपीसाठी ही मंजूर नाहीत. मधुमेह आणि किडनीचा आजार दोन्ही असलेल्या ३,५३३ रुग्णांत २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासात सेमाग्लुटाइडने किडनीच्या गंभीर घटना, म्हणजे डायलिसिसची वेळ येणं, किडनीचं काम निम्म्यावर येणं, किडनी वा हृदयविकाराने मृत्यू, मिळून २४ टक्क्यांनी कमी झाल्या. तुम्हाला मधुमेह असेल आणि लघवीत अल्ब्युमिन जात असेल तर डॉक्टरांशी हा विषय जरूर काढा. मधुमेह नाही, वजन बेताचं आहे, फक्त बीपी १५०च्या घरात आहे, तर हे तुमचं औषध नाही. सुरुवातीला उलट्या-जुलाब झाले तर प्रश्न १४ पाहा.

९. जिममध्ये बीपीसी-१५७ आणि टीबी-५०० मिळतात. त्यातलं एक ‘थायमोसिन’च आहे म्हणे. मग प्रश्न ५ मधलं तेच ना?

याच सारखेपणाचा फायदा घेऊन ते विकलं जातं. टीबी-५०० थायमोसिन बीटा-४च्या घराण्यातलं म्हणून खपवतात. त्या कुपीवर बारीक अक्षरात ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं. माणसाला टोचायला ते कुठेही मंजूर नाही, बीपी किंवा किडनीसाठी तर नाहीच, आणि खेळाडूंवर त्याची बंदी आहे. उंदरांतलं एसी-एसडीकेपीचं काम खरं आहे म्हणून ही कुपी खरी ठरत नाही. आत नेमकं काय आहे, किती आहे, निर्जंतुक आहे का, हे तपासणारं तिथे कुणी नसतं. ज्याची किडनी आधीच अर्धी गेली आहे त्याने तर हे करूच नये. आधीच टोचून घेतलं असेल तर प्रश्न १६ वाचा.

१०. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं बीपीचं इंजेक्शन येतंय. ते पेप्टाइडच का?

नाही. ते झिलेबेसिरान, आरएनएचा छोटा तुकडा. ज्यापासून बीपी वाढवणारं पेप्टाइड बनतं ते अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिन यकृतात बनू न देणं हे त्याचं काम. अजून चाचण्यांतच आहे. अप्रोसिटेंटन या गोळीबद्दलही असाच गैरसमज होतो. ती स्वतः पेप्टाइड नाही, पण एंडोथेलिन या २१ मण्यांच्या, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या पेप्टाइडाला ती अडवते. अमेरिकेत ती २०२४ मध्ये मंजूर झाली. अंगावर सूज येणं हा तिचा मुख्य त्रास.

११. ताकात बीपी उतरवणारी पेप्टाइडं असतात, हे खरं? आणि सैंधव मीठ तरी चालेल ना?

आंबवलेल्या दुधात तीन-तीन मण्यांची दोन पेप्टाइडं बनतात आणि ती एसीईला थोडं अडवतात, हे जपानमध्ये दिसलं. माणसांत परिणाम लहान निघाला, सगळीकडे सारखाही नाही, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तो दावा मान्य केला नाही. ताक प्या, छानच आहे. पण जिरेपूड घालून, मीठ न घालता. खारं ताक तीन ग्लास प्यायलं तर पेप्टाइडांनी जे बीपी उतरवलं ते मीठ पुन्हा चढवून टाकेल.

सैंधव जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. गुलाबी असो की काळं, बीपीच्या हिशेबात ते मीठच. उपवासाच्या दिवशी भगर, साबुदाणा वडा, बटाट्याचा चिवडा मिळून सैंधव रोजच्या मिठापेक्षा जास्त जातं, असं मी घरोघरी पाहते.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, सगळ्या जेवणाचं मिळून. आपण भारतात साधारण ८ ते ११ ग्रॅम खातो. नाशिककराला ते मोजणं अवघड जातं, कारण अर्धं मीठ पानात दिसतच नाही. मिसळीच्या रश्शात, वरच्या शेवेत, पावात, सोबतच्या पापडात आणि चार वाजताच्या चिवड्यात ते असतं. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम आहे. माझ्या दुकानातलीही दोन नावं सांगते: अ‍ॅसिडिटीची फसफसणारी पावडर आणि पाण्यात विरघळणाऱ्या तापाच्या गोळ्या. दोन्हींत सोडियम भरपूर असतं आणि बीपीची माणसं ती रोज नेतात.

कमी सोडियमचं मीठ खरंच उपयोगी आहे. चीनमध्ये ६०० गावांतल्या २०,९९५ लोकांवरच्या २०२१च्या अभ्यासात तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण त्या अभ्यासात गंभीर किडनीविकाराचे रुग्ण घेतलेच नव्हते. तुमचं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं असेल, किंवा ‘प्रिल’, ‘सार्टन’, स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके थांबू शकतात.

१२. किडनीचं आणि हृदयाचं नुकसान सुरू झालंय का, हे कसं कळेल?

दोन तपासण्या वर्षातून एकदा तरी. पहिली, लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आलं तर गाळणी गळू लागली आहे. ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना आकडा खोटा वाढतो, म्हणून पुन्हा करून खात्री करतात. दुसरी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६०च्या खाली राहिला तर किडनीचा आजार धरतात. क्रिएटिनिन वाढायला वेळ लागतो, अल्ब्युमिन खूप आधी बोलतं. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर तुम्ही विचारा. विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

हृदयासाठी ईसीजी, आणि गरज पडली तर टू-डी इको. घरी मोजलेलं बीपी १३५/८५च्या वर राहत असेल तर ते वाढलेलंच समजा, दवाखान्यात कितीही बरं आलं तरी.

१३. बाबांच्या रिपोर्टात बीएनपी खूप वाढलंय. ते चांगलं पेप्टाइड आहे ना? मग चांगलंच झालं की!

असं वाटणं साहजिक आहे, पण नाही. बीएनपी वाढलंय याचा अर्थ हृदयाची भिंत ताणली जाते आहे आणि ते मदतीला हाका मारतंय. शिवाय अशा आजारात रक्तात फिरणारं बरंचसं बीएनपी अर्धवट घडलेलं, कमी ताकदीचं असतं. किडनी मंदावली तरी आकडा वाढतो, आणि जाड माणसांत तो फसवा कमी येतो.

बाबा सॅक्युबिट्रिल घेत असतील तर आणखी एक. ती गोळी बीएनपी तुटू देत नाही, म्हणून आकडा गोळीमुळेही चढतो. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी करायची, नेप्रिलायसिन तिला हात लावत नाही. लॅबच्या चिठ्ठीवर नेमकं कोणतं लिहिलंय ते पाहा आणि पुढच्या वेळीही तेच करून घ्या, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही.

१४. रॅमिप्रिल सुरू केल्यावर क्रिएटिनिन १.२ वरून १.४ झालं. गोळी किडनी खराब करते का? आणि जुलाब झाले तर काय?

ही गोळी गाळणीतला दाब उतरवते, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, १.२ वरून १.४ त्यातच बसतं. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा, आणि आकडा पाहून स्वतः गोळी बंद करू नका.

जुलाब, उलट्या, ताप, खाणं-पिणं बंद, अशा दिवसांत मात्र नियम उलटतो. अंगातलं पाणी आटलेलं असताना ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’, लघवीची गोळी आणि वर अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन, हे तिन्ही एकत्र आले की चांगली किडनीही दोन दिवसांत बसू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते विचारा, बरं झाल्यावर पुन्हा सुरू करायला विसरू नका. दर वर्षी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघणाऱ्यांना मी हे कागदावर लिहून देते. वाटेत पाय दुखले तर पॅरासिटामॉल, ती लाल-पिवळी वेदनाशामक पाकिटं नकोत. ओआरएसमध्ये मीठ असतं हे खरं, पण जुलाबात ते घ्यायचंच.

१५. सुनेला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि आता दिवस गेलेत.

आजच डॉक्टरांना कळवा. ‘प्रिल’, ‘सार्टन’ आणि सॅक्युबिट्रिल गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीला अपाय होतो. सेमाग्लुटाइडही नाही. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा यांतलं औषध बदलून देतात. मधल्या काळात बीपी मोकाट सोडायचं नाही, म्हणून पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका.

१६. पुतण्याने आणलेल्या कुपीचे दोन डोस घेऊन झालेत. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. काय करू?

पुढचा डोस घेऊ नका. कुपी, सुई, खोका, पावती काहीही फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. ते रागावले तरी चालेल, त्यांना नाव कळणं जास्त गरजेचं आहे. टोचलेली जागा लाल, गरम, दुखरी झाली, ताप आला, अंगावर पित्त उठलं, लघवी कमी झाली, छातीत धडधड वाढली, तर रात्रीची सकाळ होऊ देऊ नका. त्रास नसला तरी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. सुई कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीचीही तपासणी लागते.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारच्या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकतो. फोन करायला जमत नसेल तर दुकानात या. आतल्या खोलीत बसून आपण दोघं मिळून तो फॉर्म भरू, पुतण्याचं नाव त्यात लिहावं लागत नाही.